हवापालट करायला डोंगरात गेलेले नौसैनिक

गेल्या अंकात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की तिथलं ते महागडं अहवानी हॉटेल दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाचं हॉस्पिटल होतं. बाकीचा लेख कोणी वाचला की नाही देव जाणे, पण त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. रेशन कार्ड आणि गुडघेदुखीवाल्यांनी कृपया पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा सॅन होजेला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा ते हॉटेल आम्ही बाहेरून बघितलं, आत जायची हिंमत झाली नाही. माझा साधा प्रश्न आहे. नौदलाची माणसं म्हणजे समुद्रावरची. त्यांना समुद्रापासून एवढं लांब डोंगरात कशाला नेलं? बंदरात हॉस्पिटलं नव्हती का? (निवृत्त शिक्षक, डोंबिवली)

उत्तर: काका, आधी हे सांगते की आत जायला हिंमत लागत नाही, खोली न घेताही खालच्या मोठ्या दिवाणखान्यात जाऊन बसता येतं, कोणी उठवत नाही. पुढच्या वेळी नक्की जा.

आता तुमचा प्रश्न. बंदरात हॉस्पिटलं होतीच की. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर ओकलंडला ओक नोल नावाचं नौदलाचं मोठं हॉस्पिटल १९४२ मध्ये सुरू झालं होतं, मेअर आयलंडला तर त्याच्याही खूप आधीपासूनचं होतं. पण पॅसिफिकमध्ये लढाई पेटल्यावर जखमी यायचा वेग असा होता की खाटा पुरेनात, आणि त्यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही ती म्हणजे माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त वाचायला लागली होती. जखमेतले जंतू रोखणारी सल्फाची औषधं आली होती, रक्तातला प्लाझ्मा सुकवून जहाजावर नेता यायला लागला होता, १९४३-४४ पासून पेनिसिलिन मिळायला लागलं. जो माणूस आधीच्या युद्धात जखम चिघळून गेला असता तो आता वाचायचा, पण वाचला म्हणजे बरा झाला असं थोडंच असतं. आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. ते मुंगीच्या पावलांचे तीन-चार महिने काढायचे कुठे हा खरा प्रश्न होता. ऑपरेशन झालंय, टाके निघालेत, ताप नाही, पण हात वर होत नाही, रात्री झोप नाही, परत जहाजावर पाठवायच्या लायकीचा नाही आणि हॉस्पिटलची खाट अडवून बसलाय. अशांसाठी वेगळी हॉस्पिटलं काढली. आपल्याकडे आजारपणातून उठलेल्याला हवापालट करायला पाठवायचे, तसाच प्रकार, फक्त सरकारी खर्चानं आणि शेकड्यांनी.

आणि डोंगरातच का, तर तिथं मोठाली हॉटेलं रिकामी पडली होती, इतकं सोपं आहे ते. पेट्रोलवर रेशनिंग, टायर मिळेनात, म्हणून लोकांचं फिरायला जाणं बंद झालं होतं. अशा हॉटेलात काय नसतं? शंभर खोल्या, खोल्यांना गरम पाणी, इमारत गरम ठेवायची सोय, शेकडो माणसांचं जेवण एका वेळी होईल एवढं स्वयंपाकघर, लाँड्री. नवं हॉस्पिटल बांधायला सिमेंट-लोखंड लागतं आणि वेळ लागतो, हे तयार होतं. १९४३ च्या उन्हाळ्यात नौदलानं निदान तीन नामांकित हॉटेलं अशी घेतली, कॅलिफोर्नियात अहवानी, आयडाहोमध्ये सन व्हॅली आणि कोलोराडोत ग्लेनवूड स्प्रिंग्जचं हॉटेल कोलोराडो. यातल्या आयडाहो आणि कोलोराडोला तर समुद्रकिनाराच नाही, म्हणजे तुमची शंका रास्तच आहे.

प्रश्न: मी फिजिओथेरपिस्ट आहे. निसर्गाच्या सान्निध्यात रुग्ण लवकर बरे होतात असं आम्ही पण पेशंटना सांगतो. अहवानीमध्ये खरंच तसं झालं का? तिथे नेमकी काय ट्रीटमेंट देत होते? (पुणे)

उत्तर: तुमच्याच प्रश्नासाठी हे सगळं सदर लिहितेय असं समजा, कारण इथं गंमत आहे.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. योसेमिटीची दरी साधारण सात मैल लांब आणि जेमतेम मैलभर रुंद, आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, एल कॅपिटन तर तळापासून तीन हजार फूट सरळ वर. आपल्या कोकणकड्याची कल्पना करा, पण तुम्ही वरून खाली बघत नाही, तळाशी उभे आहात, आणि कडा एका बाजूला नाही, दोन्ही बाजूंना आहे. हॉटेल बरोबर रॉयल आर्चेस नावाच्या कड्याच्या पायथ्याशी. १४ जुलै १९२७ ला उघडलं, त्या काळात साडेबारा लाख डॉलर खर्च केले होते, गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड हा आर्किटेक्ट.

मी २०१८ मध्ये भाच्याबरोबर गेले होते. (तेव्हा दारावर मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल असं नाव होतं, नावाच्या मालकीवरून कोर्टकचेरी चालू होती, २०१९ मध्ये जुनं नाव परत लागलं.) बाहेरच्या त्या लालसर लाकडी तुळया बघून मी म्हटलं वा काय रेडवुड आहे, आणि सवयीनं बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं, आमच्या घरी सुतारकाम असल्यामुळे ही खोड आहे मला, तर आवाजच नाही. दगडावर टिचकी मारल्यासारखं. ते लाकूड नाहीच, काँक्रीट आहे. खरबरीत फळ्यांच्या साच्यात ओतलेलं, म्हणून लाकडाच्या रेषा उमटल्यात, आणि वरून रेडवुडचा रंग दिलाय. आग लागू नये म्हणून. भाचा म्हणाला मावशी लोक फोटो काढतात आणि तू भिंती ठोकतेयस.

तर अशा या ठिकाणी नौदलानं सुरुवातीला कोणाला आणलं, तर मनानं खचलेल्यांना. लढाईचा थकवा म्हणायचे त्याला, आज आपण पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनावर राहणारा ताण, म्हणू तसलं काहीसं. जहाजावर बॉम्ब पडलाय, शेजारचा मित्र गेलाय, तेल पेटलेल्या पाण्यातून पोहून बाहेर आलाय, हातीपायी धड आहे पण दार आपटलं तरी दचकतो. विचार असा की शांतता, धबधबे, झाडं, हरणं, स्वच्छ हवा, आणखी काय पाहिजे. तुम्ही-आम्ही पण हेच म्हटलं असतं.

आणि ते जमलं नाही. बऱ्याच जणांना ते कडे बघून प्रसन्न वगैरे वाटेना, उलट कोंडल्यासारखं व्हायला लागलं. अहो जो माणूस वर्ष-दोन वर्षं समुद्रावर काढून आलाय, ज्याला चारी दिशांना क्षितिज बघायची सवय, त्याला मैलभर रुंदीच्या फटीत आणून ठेवलं, वर बघितलं तर आभाळाचा पट्टा. त्यात गाव लांब, शहर त्याहून लांब, पिक्चर नाही, बाजार नाही, पोरी नाहीत (विशीतली पोरं होती हो ती), आणि दिवसभर करायला काही नाही. गंमत म्हणजे अहवानी या शब्दाचा अर्थ तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत मोठं उघडं तोंड असा सांगतात. आपल्या मराठीतलं आ वासणं आणि हे अहवानी, संबंध काही नाही, पण मला तेव्हापासून ती दरी आ वासूनच बसलेली दिसते.

मग नौदलानं धोरण बदललं. मनोरुग्णांवर भर देणं कमी केलं, सर्वसाधारण बरे होणारे रुग्ण आणायला लागले, आणि मुख्य म्हणजे करायला काहीतरी द्यायला लागले. तुमच्या शब्दात ऑक्युपेशनल थेरपी आणि रिहॅबिलिटेशन. सुतारकामाचं वगैरे वर्कशॉप, खेळ, चालणं, बर्फात स्कीइंग, लायब्ररी, शिकवण्या. दिवाणखान्यात, जिथं आधी श्रीमंत पाहुणे शेकोटीपुढे चहा पीत बसायचे आणि जिथं भिंतींवर अजूनही फ्रेम केलेले गालिचे आहेत, तिथं खाटांच्या रांगा लागल्या. जेवणाचं दालन म्हणजे १३० फूट लांब आणि ३४ फूट उंच, एखाद्या चर्चसारखं, तिथं एकावेळी साडेतीनशे माणसं बसतात, म्हणजे पंगतीचा प्रश्न नव्हता. १९४५ च्या डिसेंबरात हॉस्पिटल बंद झालं तोपर्यंत साडेसहा हजारांवर रुग्ण तिथून गेले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. निसर्गानं माणूस बरा होतो हे मला पटतं, पण नुसतं बघून होत नाही. माझ्या वडिलांना टायफॉइड झाला होता, त्यातून उठल्यावर त्यांना पाचगणीला मामांकडे पाठवलं, हवा पालटायला. पहिले दोन दिवस वा वा काय हवा, काय टेबललँड, तिसऱ्या दिवशी गॅलरीत बसून पावसाला शिव्या, चौथ्या दिवशी मामांना म्हणाले मला घरी जायचंय. पाचव्या दिवशी शेजारच्यांचं लंबकाचं घड्याळ बंद पडलं. वडिलांनी ते मागून घेतलं, जुन्या चादरीवर त्याची सगळी चक्रं मांडली, हात थरथरायचा म्हणून कोपर टेबलाला टेकवून चिमट्यानं एकेक दात रॉकेलमध्ये बुडवून पुसला, आणि त्या दिवशी महिनाभरानं पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मामी आजही सांगते. टेबललँड बिचारं होतं तिथंच होतं.

म्हणून पेशंटना डोंगरात पाठवा जरूर, पण बरोबर काहीतरी उद्योग पण लिहून द्या.

प्रश्न: सन व्हॅलीबद्दल थोडं लिहा ना, तिथं स्कीइंग करायला आमची भाची जाते. (जळगाव)

उत्तर: जळगावचं पत्र आलं हे बरंच झालं, का ते सांगते. सन व्हॅली हे युनियन पॅसिफिक रेल्वेनं १९३६ मध्ये काढलेलं ठिकाण, आगगाडीला प्रवासी मिळावेत म्हणून, रेल्वेचा अध्यक्ष अव्हेरेल हॅरिमन, तोच जो पुढे युद्धात मॉस्कोला अमेरिकेचा राजदूत झाला. डोंगरावर चढायला खुर्च्यांचा पाळणा, म्हणजे चेअरलिफ्ट, जगात पहिल्यांदा तिथं लागली. ती बनवणाऱ्या रेल्वेच्या इंजिनिअरला, जेम्स करन त्याचं नाव, कल्पना कशावरून सुचली माहितीये? जहाजात केळ्यांचे घड चढवायला आकडे लावलेली फिरती दोरी असते ना, त्यावरून. आकडा काढला, खुर्ची लावली. केळ्याच्या जिल्ह्यानं याची नोंद घ्यावी.

१९४३ मध्ये नौदल तिथं आलं आणि १९४६ पर्यंत राहिलं, इथेही साडेसहा हजारांच्या आसपास लोक राहून गेले. पण योसेमिटीपेक्षा इथं बरं जमलं असं माझं मत आहे, कारण जागा मोकळी, दरी रुंद, ऊन भरपूर, आणि खेळायची सगळी साधनं आधीपासूनच होती, बर्फावरचं स्केटिंग, गरम पाण्याचे पोहण्याचे तलाव, नदीत मासेमारी. म्हणजे करमणूक नौदलाला नव्यानं बांधावी लागली नाही. विचार करा, एका हाताचा पंजा भाजून आखडलाय, बोटं मिटत नाहीत, आणि फिजिओवाला सांगतोय दिवसातून शंभर वेळा मूठ वळ. कोण करेल? तेच गळ हातात दिला की दिवसभर आपोआप होतं. भाचीला विचारा, लॉजच्या ज्या कॉरिडॉरमधून ती स्कीचे बूट घालून खडाडखडाड जाते तिथं कुबड्यांचे आवाज ऐकू यायचे हे तिला माहिती आहे का.

प्रश्न: हॉटेल कोलोराडोत भुतं आहेत असं यूट्यूबवर बघितलं. खरंय का? (वसई)

उत्तर: भुतांचं मला विचारू नका, मी रात्री अकराला झोपते. इमारत १८९३ ची आहे, १९४३ पासून १९४६ पर्यंत तिथं नौदलाचं हॉस्पिटल होतं, आणि जुनं हॉटेल अधिक हॉस्पिटल म्हटलं की गोष्टी तयार होणारच, पर्यटनाला त्या बऱ्या पडतात. तिथलं खरं आकर्षण गरम पाण्याचे झरे, आणि ते तर वसईकरांना नवीन नाही, वज्रेश्वरी-गणेशपुरीला तुम्ही जाताच की. आखडलेले सांधे गरम पाण्यात सैल होतात हे आपल्या आजीला माहिती होतं आणि अमेरिकन नौदलाला पण.

प्रश्न: आमच्या देवळाली कॅम्पला पण ब्रिटिशांच्या काळात आजारी सोल्जर ठेवायचे ना? त्यावरून इंग्रजीत वेडाला डूलाली म्हणतात हे खरं की थाप? (नाशिक)

उत्तर: थाप नाही, खरं आहे. फक्त ते नौसैनिक नव्हते, लष्करातले सैनिक होते, पण विषयाला इतकं धरून आहे की घेतेच. मायदेशी परत जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प देवळालीला होता. नोकरीची मुदत संपली की इथं यायचं आणि मुंबईहून बोटीची वाट बघायची. पण सैनिकांच्या बोटी वर्षभर चालत नसत, साधारण हिवाळ्यातच सुटायच्या, म्हणजे चुकीच्या वेळी मुदत संपली की महिनोन् महिने नुसतं बसून राहा. काम नाही, कवायत नाही, उकाडा, मलेरिया, दारू. काही जणांचं डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायचे डूलाली टॅप, म्हणजे देवळालीचा टॅप, आणि तो टॅप म्हणजे नळ नाही, आपला ताप. पुढे शेपूट गळलं आणि नुसतं डूलाली राहिलं, इंग्लंडमध्ये आजही वापरतात आणि बहुतेकांना माहिती नसतं की हे नाशिकजवळचं गाव आहे.

आणि याच देवळालीला मुंबईची माणसं पिढ्यान् पिढ्या हवापालटाला येतात, पारशी आणि गुजराती लोकांची सॅनिटोरियम्स तुम्ही रोज बघताच, हवा कोरडी, छान, दम्यावाल्यांना मानवणारी. म्हणजे हवा तीच, गाव तेच. एकाला ती मानवली आणि दुसऱ्याला तिथं वेड लागायची पाळी आली. मला तर यात अहवानीचीच गोष्ट दिसते.

प्रश्न: आपल्याकडे ब्रिटिशांनी महाबळेश्वर वगैरे अशाच कारणासाठी वसवलं होतं ना? (सातारा)

उत्तर: हो. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी वर चढला, ज्याच्या नावाचा पॉइंट आहे तोच, त्यानं हवा बघून इथं आजाऱ्यांसाठी ठिकाण करा म्हणून धोशा लावला, आणि गव्हर्नर माल्कमच्या काळात १८२८ च्या सुमारास ते झालं, बाजारपेठेला माल्कमपेठ म्हणायचे ते त्यावरूनच. पुरंदरच्या किल्ल्यावर पण गोऱ्या सैनिकांचं आरोग्यधाम होतं. पावसाळ्यात मात्र महाबळेश्वरात कोणीच राहायचं नाही, सगळे खाली, म्हणून मग पावसाळ्यातही राहता येईल अशी पाचगणी शोधली. (माझ्या वडिलांना ती पण चालली नाही, हे वर आलंच.)

नौदलवाल्यांचं म्हणाल तर आपल्या शेजारी श्रीलंकेत दियातलावाला, डोंगरात चहाच्या मळ्यांकडे, ब्रिटिश नौदलाची विश्रांतीची छावणी होती. त्रिंकोमालीच्या उकाड्यातून पोरांना तिकडे चढवायचे.

प्रश्न: डोंबिवलीचेच काका परत. ताई, तुमचं उत्तर व्हॉट्सॅपवर आधी मिळालं म्हणून लगेच विचारतो. योसेमिटीत पूर्वी कड्यावरून आग खाली सोडायचे असं तिथल्या माणसानं सांगितलं. ती त्या जखमी मुलांसमोर पण सोडायचे का?

उत्तर: नाही हो काका, नाही. ग्लेशियर पॉइंट नावाच्या कड्यावरून रात्री पेटते निखारे हजारो फूट खाली लोटायचे आणि खाली पर्यटक टाळ्या वाजवायचे, फायरफॉल म्हणायचे त्याला. युद्धाच्या काळात ते बंद होतं. नंतर परत सुरू झालं आणि १९६८ मध्ये कायमचं थांबवलं. पेटती जहाजं बघून आलेल्या पोरांना झोपायच्या आधी अंधारात वरून आग पडताना बघायला लागली नाही, ते एक बरंच झालं.

तुम्ही परत गेलात तर कॉफी घ्या, मोठ्या शेकोटीजवळच्या खुर्चीत बसा आणि आत शिरायच्या आधी बाहेरच्या एखाद्या तुळईवर टकटक करून बघा. कोणी बघत असेल तर भाच्याचं नाव सांगू नका.